भयाचा दुसरा भाग

धानाची कापणी आटोपून मंडईचे दिवस सुरू झाले म्हणजे आमच्या दवनीवाड्यासारख्या गांवीं एक चर्चा हटकून ऐकूं येते. यंदा नाटक कोणतें, आणि तें मागच्यापेक्षां चांगलें कीं वाईट? मागील वर्षीं ज्या भुतानें प्रेक्षकांची गाळण उडविली तेंच यंदा पुन्हां रंगमंचावर आणलें, तर पोरें हंसतात. एकाच्या जागीं तीन आणलीं, तर अधिकच हंसतात. हा अनुभव ध्यानांत ठेवून आम्ही आज अशा एका विषयावर चार शब्द लिहूं इच्छितों कीं, तो या वार्षिकाच्या पानांत पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील. विषय आहे व्हिडिओ गेमचा. आणि तोहि साधासुधा नव्हे, भयाचा.

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें मधल्या सुटींत ज्या तन्मयतेनें या खेळांविषयीं बोलतात, तिच्या दशांशानें जरी तीं भूमितीविषयीं बोलत असतीं, तरी आम्ही धन्य झालों असतों. असो. पालकांची या बाबतींतील वृत्ति दोन प्रकारची दिसून येते. कांहींजण खेळाचें नांव काढतांच मुलाच्या हातांतील मोबाईल हिसकावून घेतात. दुसरे कांहीं, मूल एका जागीं स्वस्थ बसलें आहे एवढ्यावरच समाधान मानून, तें काय पाहत आहे याची चौकशीहि करीत नाहींत. कादंबरी किंवा नाटक यांच्याविषयीं ‘चांगलें कोणतें व वाईट कोणतें’ असा प्रश्न आपण विचारतों. खेळाविषयीं मात्र तो प्रश्न विचारण्याची आवश्यकताच कोणास भासत नाहीं. आमच्या मतें ती भासली पाहिजे. म्हणून एक जुना व जगप्रसिद्ध खेळ, आणि त्याहूनहि प्रसिद्ध झालेला त्याचा दुसरा भाग, हे दोन्ही समोर ठेवून, दुसरा पहिल्याहून सरस कां ठरला याचा विचार येथें करावयाचा आहे.

इंग्रजींत ‘सर्व्हायव्हल हॉरर’ या नांवानें ओळखला जाणारा खेळाचा एक प्रकार आहे. त्यांत शत्रूंस मारून गुण मिळविणें हा हेतु नसून जिवंत बाहेर पडणें हा हेतु असतो. खेळणाऱ्याजवळ काडतुसें मोजकीं, औषध मोजकें, वस्तु ठेवावयाची पिशवी लहान, आणि वाट अनोळखी. आमच्याकडील वृद्ध मंडळी चकव्याच्या गोष्टी सांगतात. रात्रीं धानाच्या बांध्यांतून घरीं निघालेला मनुष्य त्याच त्या धुऱ्यावरून पुन्हां पुन्हां फिरत राहतो. गांवचा दिवा समोर दिसतो, पण गांव कांहीं येत नाहीं. चकवा कोणास मारीत नाहीं, कोणाचें रक्त पीत नाहीं. तो केवळ वाट हिरावून घेतो, आणि तेवढ्यानें धट्ट्याकट्ट्या माणसाचें पाणी पाणी होतें. भयखेळाचें मर्म आमच्या मतें या चकव्यांत आहे. ज्या खेळाच्या कर्त्यास हें मर्म कळलें नाहीं तो पडद्यावर रक्ताचा सडा घालतो, व खेळणारा जांभया देतो.

जपानांतील कॅपकॉम या कंपनीनें २२ मार्च १९९६ रोजीं एक खेळ प्रसिद्ध केला. जपानांत त्याचें नांव ‘बायोहॅझार्ड’, व इतरत्र ‘रेसिडेंट ईव्हिल’. दिग्दर्शक होते शिंजी मिकामी. हा खेळहि अगदींच निराधार जन्मास आला नव्हता. त्याच कंपनीनें १९८९ सालीं तोकुरो फुजिवारा यांच्या दिग्दर्शनाखालीं ‘स्वीट होम’ नांवाचा, एका झपाटलेल्या वाड्याचा खेळ काढिला होता. त्याची कल्पना नव्या यंत्रावर पुन्हां मांडावी या विचारांतून मिकामींच्या खेळाचा आरंभ झाला. रॅकून सिटी या कल्पित शहराबाहेर डोंगरांत एक प्रचंड वाडा आहे. तेथें पोलिसांच्या विशेष पथकांतील माणसें अडकतात. खेळणाऱ्यानें ख्रिस रेडफील्ड किंवा जिल व्हॅलेंटाईन यांपैकीं एकाची निवड करावयाची. ख्रिसजवळ एका वेळीं सहाच वस्तु मावतात, जिलजवळ आठ. आपली प्रगति नोंदवून ठेवावयाची तर टाइपरायटर शोधावा लागतो, आणि त्यास लागणारी शाईची फीतहि मोजकीच मिळते. वाड्यांत विषाणूनें प्रेतवत् झालेलीं माणसें फिरत असतात. गोळी झाडावी तर पुढें उणी पडेल, न झाडावी तर पुन्हां याच वाटेनें यावयाचें आहे. असा हा पेंच आहे.

या पहिल्या खेळांतील एक गोष्ट आम्हांस विशेष आवडते. प्रत्येक वेळीं दुसऱ्या खोलींत जातांना पडदा काळा होतो, आणि एक दार सावकाश, कुरकुरत उघडतांना दिसतें. वस्तुतः ही यंत्राची अडचण होती. पुढील खोलीचें चित्र तबकडीवरून वाचावयास त्यास वेळ लागे, व तो वेळ दारामागें लपविलेला होता. परंतु त्या दोन-तीन क्षणांत खेळणाऱ्याच्या मनांत जें कांहीं येऊन जातें, तें पुढील खोलींत प्रत्यक्ष असलेल्या कोणत्याहि राक्षसापेक्षां भयंकर असतें. अडचणीचें भूषण करणें यालाच म्हणतात.

तथापि या खेळाचे दोष लपण्यासारखे नव्हते. पात्रांचे संवाद इतके अवघडलेले कीं, ज्या ठिकाणीं भय वाटावें तेथें हंसूं यावें. ते संवाद पुढें कित्येक वर्षें थट्टेचा विषय होऊन बसले. दुसरा दोष अधिक खोल होता. वाडा एकदां पायाखालीं घातला कीं त्याची भीति ओसरे. ख्रिस घेतला काय आणि जिल घेतली काय, दोन्ही कथा एकमेकींस ओळखत नाहींत. एक खरी मानली तर दुसरी खोटी ठरते. म्हणजे दुसऱ्या खेपेस खेळणारा तोच वाडा जरा निराळ्या खिशांनिशीं फिरून येई, इतकेंच.

पहिल्या भागाच्या सत्तावीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. इतकें यश मिळाल्यावर दुसरा भाग निघणार हें उघडच होतें, आणि तो कसा काढावा याचा सोपा मार्गहि उघडाच होता. वाडा मोठा करावा, प्रेतें दुप्पट करावींत, रंग अधिक भडक द्यावा. आपल्याकडे या मार्गाचें एक उदाहरण आहे. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट १९९३ सालीं आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा बावरलेला चेहरा, व दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजांत बोलणारा तात्या विंचू हा बाहुला, यांनीं महाराष्ट्रांतील मुलांची एक पिढीच्या पिढी एकाच वेळीं हंसविली व घाबरविली. वीस वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याचा दुसरा भाग निघाला, आणि तो त्रिमिति तंत्रानें काढलेला होता. बाहुला पडद्याबाहेर आल्यासारखा वाटे, हें खरें. तंत्राच्या दृष्टीनें तें धाडस होतें, व त्याचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. पण घरोघरीं मुलें ज्याची नक्कल करतात तो तात्या विंचू १९९३ सालचाच. बाहुला जवळ आला, भय मात्र जवळ आलें नाहीं.

कॅपकॉममध्यें काय घडलें तें ऐकण्यासारखें आहे. दुसऱ्या भागाचें दिग्दर्शन हिदेकी कामिया या तिशीहि न गांठलेल्या तरुणाकडे आलें. पहिल्या भागाच्या वेळीं तो खेळाची आंखणी करणाऱ्यांपैकीं एक होता. मिकामी आतां निर्माते झाले. काम पुढें सरकलें, त्याचीं चित्रें लोकांपुढें आलीं, १९९७ सालीं खेळ येणार असें ठरलें. आणि साठ ते ऐंशी टक्के काम पुरें झालें असतांना कर्त्यांनीं तें सर्व बाजूस सारिलें. हा टाकून दिलेला खेळ आज रसिकांत ‘दीड’ या नांवानें ओळखला जातो. पहिल्याच्या पुढचा, पण दुसऱ्याच्या अलीकडचा.

तो कां टाकला? त्यांत मोडकेंतोडकें कांहीं होतें म्हणून नव्हे. त्यांतील पोलीस कचेरी आजकालच्या कोणत्याहि कचेरीसारखी नीटनेटकी व सपाट होती. ती पाहून कोणाच्या अंगावर कांटा येणें शक्य नव्हतें. नायिका होती एल्झा वॉकर नांवाची, मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारी एक विद्यार्थिनी. तिचा पहिल्या भागाशीं कांहीं संबंध नव्हता, आणि नायकाशींहि नव्हता. दूरदर्शन मालिकांचे अनुभवी लेखक नोबोरू सुगिमुरा यांस बोलावून कथा पुन्हां बांधण्यांत आली. एल्झा गेली, व तिच्या जागीं क्लेअर रेडफील्ड आली. पहिल्या भागांतील ख्रिसची ती धाकटी बहीण, भावाच्या शोधार्थ शहरांत आलेली. पोलीस कचेरी ही पूर्वीं एक वस्तुसंग्रहालय होतें असें ठरविण्यांत आलें; त्याबरोबर उंच छत, संगमरवरी पुतळे, लांकडी जिने व अंधारे कोपरे हीं सर्व त्या इमारतींत अधिकारानें राहावयास आलीं. एका वाक्याची ती युक्ति; परंतु तिनें सबंध इमारतीचा स्वभाव पालटला.

सगळेंच टाकलें असेंहि नव्हे. लिऑन केनेडी हा नवखा पोलीस शिपाई पहिल्या मसुद्यांतून दुसऱ्यांत आला, आणि ज्या दुर्दैवी शास्त्रज्ञ कुटुंबाविषयीं पुढें सांगणार आहोंत तेंहि आलें. खोळंबलेल्या लोकांच्या समाधानार्थ १९९७ सालीं पहिल्याच भागाची सुधारलेली आवृत्ति काढून वेळ मारून नेण्यांत आली. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस निबंधांतील एक ओळ खोडावयास सांगितली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी उभें राहतें. त्यांनीं हा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. सबंध मंडळीचें अनेक महिन्यांचें काम, जाहिरात झालेलें, मोठा खर्च झालेलें. आणि तें ‘चुकलें’ म्हणून नव्हे, तर ‘नीरस आहे’ एवढ्याच कारणावरून दूर केलें. चुकलेलें टाकणें सोपें आहे. बरें असलेलें टाकावयास निराळेंच काळीज लागतें.

खेळ शेवटीं २१ जानेवारी १९९८ रोजीं अमेरिकेंत व त्याच महिन्यांत जपानांत प्रसिद्ध झाला, आणि मूळ यंत्रावरच त्याच्या जवळजवळ पन्नास लाख प्रती गेल्या. खपाचा आंकडा हा गुणाचा पुरावा नव्हे हें आम्हांसहि कळतें. म्हणून खेळाच्या आंतच पाहूं.

दुसऱ्या भागाचा सर्वांत मोठा शत्रु म्हणजे नायकाशीं झालेली आपली ओळख. नारायण धारप यांच्या ‘समर्थ’ कथा ज्यांनीं वाचल्या असतील त्यांस आमचें म्हणणें तत्काळ पटेल. समर्थ आले कीं वाचकाचा जीव भांड्यांत पडतो. त्या कथांची गोडीच त्या विश्वासांत आहे, आणि धारपांनीं ती गोडी मोठ्या कौशल्यानें जपली. परंतु ज्या खेळाचा सारा डोलारा असहायतेवर उभा आहे, त्यास असा विश्वास परवडणारा नाहीं. ख्रिस व जिल हे वाड्यांतून जिवंत सुटले होते. तेच पुन्हां आले असते तर खेळणारा म्हणाला असता, ‘यांस सर्व ठाऊक आहे, हे निभावून नेतील.’ म्हणून कर्त्यांनीं दोघांसहि बाहेर ठेविलें. लिऑनचा नोकरीचा तो पहिलाच दिवस आहे. क्लेअर ही कॉलेजांत शिकणारी मुलगी. पोलीस कचेरींत तिला भावाची डायरी सांपडते, आणि तो केव्हांच युरोपास निघून गेला आहे असें कळतें. ज्याचा आधार घ्यावयास ती आली, तो आधारच शहरांत नाहीं. पहिल्या भागाशीं संबंध तर जोडला, पण त्या संबंधाचा आसरा मात्र कोणासहि मिळूं दिला नाहीं; ही तारेवरची कसरत आम्हांस फार मोलाची वाटते.

भय कसें आणावें याचा एक धडा कचेरींतील एका बोळांत आहे. खेळणारा चालत असतां खिडकीच्या कांचेबाहेरून कांहीं तरी सर्रकन् सरकून जातें. काय होतें तें कळत नाहीं. पुढें वळल्यावर एक प्रेत पडलेलें दिसतें. मग थेंब थेंब पडण्याचा आवाज येतो, जमिनीवर रक्त सांचत असलेलें दिसतें, आणि तें वरून पडत आहे हें ध्यानांत येतें. मान वर करण्याची इच्छा कोणासच नसते, आणि मान वर केल्यावांचून गत्यंतरहि नसतें. पहिल्या भागांत एका बोळाच्या खिडक्या फोडून कुत्रे अंगावर येतात. तोहि प्रसंग प्रसिद्ध आहे, आणि त्यानें आम्ही खुर्चीवरून उडालों होतों हें लपवीत नाहीं. पण तो दचका होता. दचका एकदां बसतो. छतावरच्या त्या प्राण्याची वाट पाहणें हें निराळें. तें दर खेपेस पुन्हां भोगावें लागतें.

आतां या खेळाचा जो खरा पराक्रम, त्याकडे वळूं. लिऑन व क्लेअर यांच्यासाठीं दोन निरनिराळ्या तबकड्या होत्या. दोघांपैकीं कोणासहि घेऊन खेळ संपविला कीं, त्याच रात्रीची दुसऱ्याची कथा खेळावयास मिळते. आरंभ क्लेअरनें केला तर लिऑनची कथा एक प्रकारची, लिऑननें केला तर क्लेअरची दुसऱ्या प्रकारची. असे एकंदर चार पाठ होतात. या वेळीं दोन्ही कथा एकाच वेळीं खऱ्या आहेत. पहिल्याच्या कथेंत ज्या दारामागून आवाज आला होता, त्या दारामागें काय चाललें होतें हें दुसऱ्याच्या कथेंत दिसतें. दुसऱ्या पाठांत एक धिप्पाड, मुका पाठलाग करणारा भिंती फोडून मागें लागतो. पहिल्या पाठांत त्याचा मागमूसहि नसतो. त्यामुळें ‘ही कचेरी मला पाठ आहे’ असा ज्यास अभिमान झाला असेल त्याचा तो अभिमान लवकरच उतरतो. प्रयोगशाळेंत तर असें एक दार आहे कीं, तें दोघांनींहि बोटांचा ठसा नोंदविल्याखेरीज उघडत नाहीं.

परंतु आमच्या मनांत घर करून राहिलें आहे तें एक साधें कपाट. पोलीस कचेरीच्या शस्त्रागारांत एक जलद गोळ्या झाडणारी बंदूक आणि कमरेस बांधावयाची एक जादा पिशवी ठेवलेली आहे. पहिल्या पाठांतील पात्रानें त्या उचलल्या, तर दुसऱ्या पाठांत त्या मिळत नाहींत. खेळ एवढेंच सांगतो कीं दुसराहि येथें येणार आहे. काय करावें तें सांगत नाहीं. आम्ही कबूल करतों कीं, पहिल्या खेपेस आम्हीं दोन्ही वस्तु मागचा पुढचा विचार न करितां उचलल्या, आणि त्यांच्या बळावर मोठ्या दिमाखांत शेवट गांठला. कांहीं दिवसांनीं दुसऱ्या पात्रास घेऊन त्याच शस्त्रागारांत आलों. अंगावर जखमा, हातांत चारदोन काडतुसें, मागें तो मुका राक्षस. आणि कपाट रिकामें. तें कोणी रिकामें केलें हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. कोणत्याहि चालत्या प्रेतानें आम्हांस इतकें अस्वस्थ केलें नाहीं.

येथें दुसरा भाग पहिल्यास मागें टाकतो असें आमचें मत आहे. पहिल्या भागांतील टंचाई ही एकट्याची टंचाई होती. दुसऱ्यांत ती आपल्या पाठून येणाऱ्याचीहि झाली. पाटाच्या शेवटच्या टोकास ज्यांची बांधी आहे त्यांस हा प्रसंग खेळांत जाऊन पाहण्याची जरूर नाहीं.

लहानसहान सुधारणांची यादी देत बसत नाहीं. तरी एक सांगितली पाहिजे. पहिल्या भागांत आपल्या पात्राची प्रकृति कशी आहे हें पाहावयास खेळ थांबवून एक तक्ता उघडावा लागे. दुसऱ्यांत तें पात्रच पोटावर हात धरून चालूं लागतें, आणि अधिक लागलें तर पाय ओढूं लागतें. तक्त्यांतील एक रेघ काढून ती माणसाच्या चालींत घातली, एवढाच फरक. खेळणारा त्या लंगडण्याकडे पाहून दार लवकर यावें म्हणून स्वतःच खुर्चींत पुढें सरकतो.

आतां पालकांसाठीं. या खेळांत शेरी नांवाची बारा वर्षांची एक मुलगी आहे. तिचा बाप विल्यम बर्किन व आई अॅनेट हे दोघेहि एका मोठ्या औषधी कंपनीचे शास्त्रज्ञ. बापानें एक नवीन विषाणु निर्माण केला आहे. कंपनीचीं माणसें तो हिसकावून घ्यावयास येतात, त्यास गोळ्या घालतात, आणि मरतां मरतां तो तोच विषाणु स्वतःस टोंचून घेतो. त्यानंतर तो माणूस उरत नाहीं. जो उरतो तो आपल्या मुलीचा माग काढीत शहराखालच्या गटारांतून फिरतो. आईस मुलीची चिंता नाहीं असें नाहीं, पण तिचा जीव त्या विषाणूंतहि तितकाच गुंतलेला आहे. आईबापांनीं दिलेलें म्हणून जें लॉकेट शेरी गळ्यांत जपून बाळगते, त्यांतच तो विषाणु लपविलेला आहे. क्लेअर ही तिची कोणीच नव्हे. तरी शेरी तिच्या मागें मागें चालते. क्लेअर फार पुढें धांवली तर ती मागेंच राहते, व परत येऊन तिला घ्यावें लागतें. पहिल्या भागांत खेळणाऱ्यास फक्त आपला जीव वांचवावयाचा होता. येथें पावलाचा वेग दुसऱ्याच्या लहान पावलांशीं जुळवावा लागतो. राक्षसाचा मुखवटा बाजूस केला तर ही एका अशा घराची गोष्ट आहे कीं, ज्यांत मोठ्यांस काम फार होतें. मुलाच्या हातीं मोबाईल देऊन स्वस्थ झालेल्या पालकांनीं हा खेळ स्वतः एकदां पाहावा अशी आमची सूचना आहे.

सर्वच बाबतींत दुसरा वरचढ आहे असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. काडतुसें त्यांत सढळ हातानें वाटलेलीं आहेत. पहिल्या वाड्यांतील तो एकेका गोळीचा हिशेब येथें सुटतो, आणि भयहि तितकें सैल होतें. पुतळ्यांत पदक बसविल्यावर किल्ली मिळते असलीं कोडीं एखाद्या विक्षिप्त धनिकाच्या वाड्यांत शोभलीं. पोलीस कचेरींत, तें संग्रहालय होतें हें मान्य करूनहि, तीं जरा ओढूनताणून आणलेलीं वाटतात. कचेरी सोडून गटारांत व प्रयोगशाळेंत उतरल्यावर कथेस वेग येतो, पण जागेची गोडी कमी होते. पहिला वाडा आदीपासून अंतापर्यंत एक होता. त्याचा प्रत्येक बोळ दुसऱ्यास कोठें तरी मिळत असे. रचनेच्या या एका बाबतींत आम्ही आजहि पहिल्याच्याच बाजूचे आहोंत. मिकामींनीं तो वाडा २००२ सालीं पुन्हां नव्यानें बांधला, तेव्हां त्यांसहि तसेंच कांहींसें वाटलें असावें.

हेंहि स्पष्ट लिहून ठेवतों कीं, अमेरिकेंत या दोन्ही खेळांवर ‘सतरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं’ असा शिक्का आहे, आणि तो योग्य आहे. आठवींतल्या मुलानें आमचा लेख दाखवून वडिलांजवळ हट्ट धरूं नये. वाट पाहावी, प्रेतें कोठें जात नाहींत.

दुसऱ्या भागाचीहि नवी आवृत्ति निघाली, ती २५ जानेवारी २०१९ रोजीं. तिच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत, आणि तिचें रूप पाहून मन थक्क होतें. पावसांत भिजलेली ती कचेरी, विजेरीच्या उजेडांत चमकणारी धूळ, आणि तो मुका पाठलाग करणारा, ज्याच्या बुटांचा आवाज आतां दोन मजले वरूनहि ऐकूं येतो व त्या आवाजावरून तो कोणत्या दिशेस आहे याचा अंदाज बांधावा लागतो. हीं सर्व चकव्याच्या गोष्टींस शोभण्यासारखीं आहेत. मात्र दोन्ही पात्रांच्या कथांची ती गुंफण या आवृत्तींत सैल झाली. दोघेहि त्याच राक्षसास त्याच जागीं मारतात. एकाच्या रात्रीचा दुसऱ्याच्या रात्रीस पत्ता नसतो. तिचें पहिलें कथानक संपवून, जुन्या अनुभवानें शहाणे झालेले आम्ही दुसऱ्या पात्रासह पुन्हां त्या शस्त्रागारांत गेलों. या वेळीं पहिल्या खेपेस आम्हीं काय नेलें आणि काय ठेवलें याची तेथें कसलीहि खूण नव्हती. जें मिळावयाचें तें जागच्या जागीं होतें. आम्हीं तें उचललें, आणि आम्हांस कांहींच वाटलें नाहीं.